कॉन्व्हेंटच्या गाई

बुरैदा
२५ जानेवारी १९९१

आदरणीय बाईंना मुनाफ परकारचा सलाम.

दापोलीच्या शाळेतला, खिडकीकडच्या बाकावरचा मुनाफ. दिवाळीच्या सुमाराला रियाधला बत्ह्याच्या बाजारात तुम्ही भेंडीवाल्याशी भांडत होता, तेव्हा पिशव्या उचलून घरापर्यंत आलो होतो, तोच. ही चिठ्ठी पोस्टाने नाही, आमचा गफूर दुधाची गाडी घेऊन रियाधला येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याकडेच द्या. फोनचं काही खरं नाही.

रियाधवर मिसाइलं पडतात असं ऐकतो. तुम्ही, पंकजभाऊ, वहिनी ठीक आहात ना? आमच्याकडे आकाशात विमानांची घरघर सोडली तर शांतता आहे.

बाई, काम असं आहे. मी इथे दुधाच्या फार्मवर कूलिंगचा मेकॅनिक. दूध गार ठेवणं एवढंच माझं काम, ते ज्या जनावरातून येतं त्याच्याशी माझा संबंध नाही. पण आमचा डच मॅनेजर नाताळला घरी गेला तो परतलाच नाही. कोल्ड रूमच्या किल्ल्या माझ्याकडे असतात म्हणून कफील, म्हणजे आमचे मालक, अबू सालेह म्हणाले, "मुनाफ, आता तूच मुदीर." झालो मॅनेजर.

मेन फार्मपासून लांब, वाळवंटात आमचा एक दुसरा गोठा आहे. गाभण, भाकड गाई तिथे विश्रांतीला ठेवतात. तिथल्या बोअरच्या पंपाचा शाफ्ट तुटला. पार्ट परदेशातून यायचा, तो लढाईमुळे कुठल्या बंदरात पडलाय अल्लालाच माहीत. टँकरने पाणी नेत होतो, तर टँकरवाले आणि जनावरांचे ट्रकवाले सगळे लष्कराच्या कामाला गेले, तिथे भाडं जास्त मिळतं. टाकीतलं पाणी जेमतेम दोन आठवडे पुरेल. गाई इकडे आणल्या नाहीत तर तहानेने मरतील. गाडीने तासाभराचा रस्ता, पण गाडीच नाही. चालवत आणायच्या तर कशा?

तेव्हा तुमचा तास आठवला. टेक्सासहून हजारो गुरं चालवत रेल्वेपर्यंत न्यायचे, ते तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही. कोण पुढे, कोण मागे, एवढं लिहून पाठवाल का?

माझा फार्मवरचा जोडीदार रहमतुल्ला अजून इथेच आहे. त्याच्या मामाचं जेद्दाला, लढाईपासून लांब, बलद बाजारात हॉटेल आहे. त्याची बॅग भरून तयार आहे.

तुमचा विद्यार्थी,
मुनाफ


रियाध
२७ जानेवारी

चि. मुनाफ,

तू त्या दिवशी ऐकलं नाहीस हे मला तेव्हाच माहीत होतं. तू खिडकीतून हर्णैकडे जाणारा मासळीचा ट्रक बघत होतास. मी मुद्दाम आवाज चढवून सांगितलं होतं, की अमेरिकेत रेल्वेच्या डब्याला बर्फाच्या पेट्या लावून मांस हजार मैलांवर ताजं पोचवायला लागले. तेवढ्यापुरतं तुझं डोकं इकडे वळलं. आज तू कूलिंगचा मेकॅनिक आहेस. म्हणजे माझा तास अगदीच वाया गेला नाही.

आधी आमची खुशाली. मिसाइलं माझ्या डोक्यावर पडतात आणि पळतोय तुझा रहमतुल्ला! आमच्या सूनबाईने, किशोरीने, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून घराचं पार्सल केलं आहे. एका खोलीला प्लॅस्टिक लावलं आहे, सायरन झाला की आम्ही सगळे तिथे कोंबले जातो. पंकजच्या कंपनीने गॅसचे मुखवटे दिले, ते कर्मचारी आणि कुटुंब यांनाच. आई कुटुंबात मोडत नाही असं कळलं. मी व्हिजिट व्हिसावरची, म्हणजे पाहुणी, म्हणजे श्वास घेतला नाही तरी चालेल. पंकजने कुठून तरी एक पैदा केला. मी मुळीच घाबरत नाही. तो मला जेद्दामार्गे इंडियाला रवाना करायच्या खटपटीत आहे. मी सामान आहे का?

आता धडा. या वेळी खिडकी बंद कर.

सगळ्यांत पुढे एक अनुभवी बैल असायचा. बाकीची गुरं त्याच्यामागे जात. इतका कामाचा, की प्रवास संपल्यावर त्याला विकत नसत, परत घेऊन येत. त्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांत कसलेले स्वार. मग कडेने थोड्या थोड्या अंतरावर इतर. शेवटी नवखे, धूळ खायला. स्वयंपाकाची गाडी पुढे, म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत जेवण तयार. घाई करायची नाही. चरत चरत जाऊ द्यायची, तुझ्या तर गाभण आहेत. अचानक मोठा आवाज झाला तर सगळा कळप उधळतो, म्हणून रात्री पहाऱ्यावरचे लोक हळू आवाजात गात असत.

आणि काटेरी तार. माझ्या तासाचा शेवट हाच होता. कोणा शेतकऱ्याने तारेला काटे गुंडाळायची युक्ती काढली, कारखान्यात मैलोन् मैल तार निघू लागली, आणि गुरांच्या वाटा बंद झाल्या. तार ओढणारे आणि तार कापणारे, दोघांनीही एकमेकांचे मुडदे पाडले. तुझ्या वाटेत कुंपण आलं तर कापायचं नाही. आधी मालकाला जाऊन भेटायचं.

तुमच्या त्या 'भाकड' शब्दाबद्दल नंतर बोलेन. निवृत्त झाल्यापासून या घरात मलाही तेच समजतात.

रहमतुल्लाची बॅग भरली आहे असं लिहिलंस. तुझी?

शीला प्रभुदेसाई


बुरैदा
१ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

तुमच्यापासून काही लपत नाही. माझीही बॅग भरलेली होती. चिठ्ठी वाचून सोडली. कपडे परत दोरीवर टाकले तेव्हा रहमतुल्ला म्हणाला, "काय रे, बाईंनी छडी पाठवली काय टँकरातून?" तो आज जाणार होता. मी म्हटलं, गाई पोचव, मग जा. थांबलाय, तोंड फुगवून.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. पिकअपमध्ये कसलेले लोक पुढे, कडेने मोटरसायकलवाले, मागे रहमतुल्ला. पांडू आमचा आचारी, सांगलीकडचा, त्याला डेगचीसकट पुढे पाठवलं. बैल नाही, म्हणून सगळ्यांत वयस्कर गाय पुढे काढली. फाटक उघडलं, हाका घातल्या, हॉर्न वाजवले.

बाई, एक गाय हलली नाही.

फाटकापर्यंत आल्या, बाहेर वाळू बघितली आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या जसं काही मीच गेटपास दाखवायचा राहिलोय. ढकलल्या तर वळून आत. त्यातली एक बाहेर गेली ती वळसा घालून मागच्या दाराने परत आत आली. पांडू पुढे जाऊन भात शिजवून दुपारपर्यंत आमची वाट बघत बसला, मग एकट्यानेच जेवला.

रागावू नका, पण मला वाटतं घोळ इथे आहे. तुमच्या टेक्सासच्या गाई रानटी. या तशा नाहीत, या कॉन्व्हेंटच्या आहेत. परदेशातून आलेल्यांच्या पोरी, शेडमध्ये जन्मलेल्या, वेळेवर खाणं, वेळेवर पाणी, वेळेवर रांग. घंटा वाजल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. यांना उधळायलासुद्धा कोणी शिकवलेलं नाही.

पाणी खाली चाललंय. अबू सालेह रोज येतात, टाकीत काठी घालून बघतात, "इन्शाल्ला" म्हणतात आणि जातात. काल म्हणाले नाहीत, नुसतेच गेले.

गफूरला तुमच्या इमारतीच्या वॉचमनने सांगितलं की तुम्ही मुखवटा उलटा घालून जिन्यात धडपडलात. लागलं तर नाही ना?

मुनाफ


रियाध
३ फेब्रुवारी

चि. मुनाफ,

कॉन्व्हेंटच्या गाई! पाचगणीला सिस्टर बर्नाडेटच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली, आणि माझा स्वतःचा विद्यार्थी मला चिठ्ठी लिहून कळवतो की ज्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही त्या कॉन्व्हेंटच्या! आम्ही घंटेशिवाय हलत नव्हतो हे खरं. पण घंटा झाली की आम्ही कुठेही गेलो असतो, अगदी विहिरीतसुद्धा, आणि रांग न मोडता. तेवढी शिस्त तुझ्या त्या मोटरसायकलवाल्यांत असती तर गाई केव्हाच पोचल्या असत्या.

वॉचमनला सांग, मुखवटा उलटा नव्हता. मुखवटाच चुकीच्या आकाराचा आहे.

आणि हे घर! तुला म्हणून सांगते, सायरनने मला काही होत नाही, मिक्सरने होतं. किशोरीने इंडियाहून आणलेला मिक्सर त्या वजनदार ट्रान्सफॉर्मरवर चालतो. सुरू झाला की भिंती थरथरतात. जिन्यात एक पिवळं मांजर आहे. सायरन वाजू दे, विमानं जाऊ देत, कान हलवत नाही. पण मिक्सर लागला की तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारात हजर! का, तर किशोरी माशाच्या कालवणाचं वाटण वाटते आणि नंतर मुंडकी बाहेर टाकते. परवा तिने नुसती कॉफी दळली. तरी मांजर आलं. मुंडकं नाही असं कळल्यावर माझ्याकडे बघून असं काही ओरडलं, की मी क्षमा मागितली. माझ्या क्षमेची या घरात तेवढ्या एकाच प्राण्याला किंमत आहे.

पंकजने तिकीट काढलं. पंधरा तारखेचं. मला न विचारता.

तुझ्या गाईंचं काय होणार याची मला फार काळजी लागली आहे. इतिहासाच्या पुस्तकात पुढे काही दिलेलं नाही. सगळं पुन्हा चाळलं, म्हणजे आठवून आठवून चाळलं, पुस्तकं दापोलीला आहेत. मी तुझ्या काही उपयोगी पडले नाही. वाईट वाटतं.

शीला प्रभुदेसाई


बुरैदा
७ फेब्रुवारी, घाईत

बाई,

मांजर! उद्या पहाटे फजरच्या नमाजानंतर निघतो. बाकी पोचल्यावर. गफूरची गाडीही बरोबर घेतोय, म्हणून दोनचार दिवस चिठ्ठी येणार नाही. दुवा करा.

मुनाफ


रियाध
९ फेब्रुवारी

मुनाफ,

ही चिठ्ठी कोणाच्या हाती द्यायची तेही माहीत नाही, तरी लिहिते. "मांजर!" एवढं लिहून कोणी निघून जातं का? कोणतं मांजर? माझं? त्याचा काय संबंध?

कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, तुमच्या फार्मचं दूध आलं नाही. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "खलास, मम्मी." मी तुझी मम्मी कधी झाले, असं विचारलं तर हसला. काल सायरन झाला तेव्हा त्या प्लॅस्टिकच्या खोलीत बसून मी इमारतीतल्या मुलांना तुझ्या गाईंची गोष्ट सांगितली. निदा म्हणून खालच्या मजल्यावरची आहे, ती विचारते, "आंटी, देन व्हॉट हॅपन्ड?" काय सांगू तिला?

पोचलास का रे?

शी. प्र.


बुरैदा
१० फेब्रुवारी

आदरणीय बाई,

पोचलो! सगळ्या पोचल्या. मेन फार्मच्या हौदावर तोंड लावून उभ्या आहेत. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

तुमचं मांजर वाचलं आणि डोक्यात दिवा लागला. या गाई आत्ता भाकड असल्या तरी त्यांनी वर्षानुवर्षं दूध दिलंय. दूध काढायच्या शेडमध्ये मशीनचा पंप सुरू झाला की त्यांच्यासमोर खुराक पडतो. त्या हाकेला हलत नाहीत, हॉर्नला हलत नाहीत. त्यांची घंटा म्हणजे तो पंप! आजारी गायीसाठी आमच्याकडे एक सुटं मशीन आहे, पेट्रोल इंजिनवर चालणारं. ते पिकअपच्या मागे बांधलं, शेजारी खुराकाची पोती ठेवली आणि फाटकाबाहेर उभं राहून चालू केलं. फट फट फट, आणि मध्ये तो श्वास घेतल्यासारखा फुस्स.

बाई, सगळ्यांचे कान एकदम उभे. ती वयस्कर गाय निघाली. तिच्यामागे दुसरी. मग रांगेने! खरोखर रांगेने, शेडमध्ये जातात तशा. मी रस्ताभर हळू गाडी चालवत होतो आणि आरशात नुसत्या गाई. बाकी सगळं तुम्ही लिहिलं तसंच ठेवलं, कडेचे लोक, घाई न करणं, रहमतुल्ला मागे. 'शेवटी नवखे, धूळ खायला' हे तुमच्या चिठ्ठीतलं वाक्य त्यानेच मोठ्याने वाचलं आणि कपाळावर हात मारला. धुळीने डोळे सोडून सगळा पांढरा झाला होता.

डोक्यावरून विमानं गेली. मी घाबरलो, उधळतील म्हणून. पंपाच्या आवाजापुढे त्यांनी मान वर केली नाही. तुमच्या मांजरासारखंच.

डांबरी रस्ता ओलांडताना पोलिसाने अडवलं. माझा इकामा, राहण्याचा परवाना, बघितला, मग गाईंकडे बोट करून म्हणाला, "यांचा?" मी म्हटलं, "साहेब, यांचा कानात आहे." बिल्ले बघून तो इतका हसला की दोन्हीकडच्या गाड्या त्यानेच थांबवल्या.

मग आली तार. मधल्या वस्तीवर पाण्यासाठी थांबायचं ठरवलं होतं, तर तिथल्या म्हाताऱ्याने खजुराच्या बागेभोवती नवीन काटेरी कुंपण घातलेलं आणि हौद आत. कडेच्या पोरांनी पक्कड काढली. मी म्हटलं, खबरदार, बाई मारतील. मशीन चालू ठेवलं, गाई तारेपाशी उभ्या करून मी एकटा आत गेलो. म्हाताऱ्याने आधी बसवलं, कॉफी दिली, खजूर दिले. काय हवं ते विचारीचना. मला तर गाईंच्या जिभा दिसत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, जनावरं तहानलेली आहेत." तो उठून उभा राहिला. म्हणाला, "तहानलेलं जनावर माझ्या दारात, आणि तू मला कॉफी पिऊ दिलीस?" मलाच शिव्या! स्वतःच्या हाताने त्याने तार सोडली. रात्री तिथेच राहिलो. मला म्हणाला, ते पुढचं यंत्र काही काढत नाही, काही भरत नाही, मग चालतं कशाला? मला अरबीत सांगता येईना. म्हटलं, "म्युझिक." त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन फार्मच्या फाटकात अबू सालेह उभे. गाई मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "मुनाफ, एक जास्त आहे." बघतो तर सगळ्यांत मागे, रहमतुल्लाच्याही मागे, एक उंट! म्हाताऱ्याच्या विहिरीचं इंजिनही तसंच फटफटतं, त्याला वाटलं पाणी चाललंय पुढे. रहमतुल्ला म्हणतो, मला वाटलं हाही आपलाच. उंट उद्या परत पाठवतोय, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, पेट्यांसह.

रहमतुल्ला अंघोळ करून झोपला. बॅगेचं नाव काढत नाही.

तुम्ही लिहिलंत की माझ्या उपयोगी पडला नाहीत. बाई, परत तसं लिहू नका.

मुनाफ


रियाध
१२ फेब्रुवारी

चि. मुनाफ,

चिठ्ठी दोनदा वाचली, मग त्या प्लॅस्टिकच्या खोलीत मोठ्याने वाचली. निदाने टाळ्या वाजवल्या. किशोरीसुद्धा हसली, मग म्हणाली, "आई, म्हणजे माझ्या मिक्सरमुळे झालं!" खरं आहे, काय करू, मान्य करावं लागलं.

मी इतक्या वर्षांत दीडएक हजार मुलांना तो धडा शिकवला असेल. कोणी गुरं चालवली नाहीत. तू चालवलीस, तीही उलट बाजूने. तिकडे यंत्रं आली आणि गुरांच्या वाटा संपल्या. तुझ्याकडे यंत्रच बैल होऊन पुढे चाललं. मी वर्गात असते तर आज शेवटचा तास रद्द करून सगळ्यांना मैदानावर सोडलं असतं. मी असं कधी केलेलं नाही.

पंकजला सांगितलं, तिकीट परत कर. गाई बघितल्याशिवाय मी जाणार नाही. तो म्हणाला, "आई, लढाई चालू आहे." मी म्हटलं, "गाईंनाही माहीत होतं." तिकीट अजून त्याच्या खिशात आहे.

शीला प्रभुदेसाई


बुरैदा
२ मार्च

आदरणीय बाई,

लढाई संपली, ऐकलं असेलच. आमच्याकडे त्याहून मोठी बातमी. ती वयस्कर गाय, जी सगळ्यांत पुढे होती, ती काल व्याली. कालवड झाली, एक कान पांढरा. फार्मवर या गायीला सगळे तेव्हापासून "बाई" म्हणतात, तुम्हाला सांगितलं नव्हतं, रागवाल म्हणून. आता अबू सालेह विचारतायत, कालवडीचं नाव काय ठेवायचं. पांडू म्हणतो शीला. मी म्हटलं, विचारल्याशिवाय नाही.

पंकजभाऊंना गुरुवारी सुट्टी असेल तर याल का?

मुनाफ


रियाध
४ मार्च

चि. मुनाफ,

विचारलंस, हे बरं केलंस. या घरात ती पद्धत नाही.

गाईला "बाई" म्हणता आणि मला सांगत नाही! पांडूला म्हणावं, परवानगी आहे, पण त्या कालवडीला मी स्वतः बघून घेईन. खिडकीतून बाहेर बघत बसणारी निघाली तर नाव काढून घेईन. आणि त्या गोठ्याला तुम्ही काय म्हणता, भाकड गाईंचा? ज्या गायीने कळप आणला आणि वर वासरू दिलं, तिच्या गोठ्याचं नाव उद्याच्या उद्या बदलायचं. अबू सालेहांना मी सांगितलं म्हणून सांग. मोडकंतोडकं का होईना, मी आता अरबी बोलते.

गुरुवारी निघतो. पंकज गाडी चालवणार. पंधरा तारीख गेली तरी खिशात ठेवलेलं ते तिकीट त्याने काल फाडलं, माझ्यासमोर, आणि तुकडे किशोरीच्या हातात दिले. निदाही येते आहे, आईबापांसह, तिला तो उंट बघायचा आहे. तो आता तुमच्याकडे नसतो हे तिला सांगितलेलं नाही, तेव्हा म्हाताऱ्याकडून दिवसभरासाठी आणून ठेव. कसा आणायचा ते तुला माहीत आहे.

मांजरासाठी बाटलीभर दूध वेगळं काढ. ते त्याच्या हक्काचं आहे.

शीलाबाई